दमत नाही तुम्ही, श्वास कोंडताय

वाचकाचं पत्र

ताई, मी सांगलीच्या गावभागात राहतो, मार्केट यार्डात हळदीची अडत आहे. वय 47. कृष्णाकाठी जन्माला येऊनही पोहता येत नव्हतं. लहानपणी चुलतभाऊ घाटावर बुडता बुडता वाचला आणि आईनं मला नदीची बंदीच केली. वडील मात्र पट्टीचे पोहणारे, पुरात आयर्विन पुलावरून उड्या टाकणाऱ्यांतले. 2019 च्या पुरात आम्हाला घरातून बोटीनं बाहेर काढलं. त्याच दिवसांत ब्रह्मनाळला बोट उलटल्याची बातमी आली, तेव्हा ठरवलं की शिकायचंच. ठरवण्यात काही वर्षं गेली. मग डॉक्टरांनी साखर वाढल्याचं सांगितलं, गुडघाही कुरकुरायला लागला. शेवटी या उन्हाळ्यात 21 दिवसांची बॅच केली आणि उत्साहाच्या भरात वर्षाची फी भरून टाकली.

फ्रीस्टाइल येतं, म्हणायला. पण 25 मीटर गेलो की भिंतीला लटकून धापा टाकतो. पेढीचे तीन जिने दिवसातून कितीदा तरी चढतो, तिथं काही होत नाही. माझी एक लेंथ होईपर्यंत शेजारच्या लेनमधली पोरं जाऊन परत येतात. मुलीनं दिलेलं घड्याळ लॅप मोजतं, तो आकडा बघून आणखी वाईट वाटतं. पाऊस लागल्यापासून दांड्या सुरू झाल्यात. लोक म्हणतात पाण्यात आनंद असतो, मला कुठं सापडला नाही. मन कसं लावायचं? आणि एक, बायको म्हणते मलाही शिकायचंय. आणू का?

— एक वाचक, सांगली

उत्तर

नमस्कार.

तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहून गेलाय. तीन जिने चढताना काही होत नाही आणि 25 मीटर पोहलं की धाप लागते. तुम्ही विचारताय मन कसं लावायचं, पण मला तुमच्या मनात काही खोट दिसत नाही. ज्या जागी गेल्यावर दर अर्ध्या मिनिटाला गुदमरायला होतं, तिथं पुन्हा जायला शरीर नाही म्हणतं, यात आळस कुठला? कुणीही दांड्या मारेल. त्यामुळे निश्चय, संकल्प, भिंतीवर चिकटवायचं वेळापत्रक वगैरे आधी बाजूला ठेवा. पहिल्यांदा धाप बघू.

मोठेपणी शिकणाऱ्या दहातल्या आठ-नऊ जणांचं जे होतं, तेच तुमचंही होत असणार, असा माझा अंदाज आहे. तोंड पाण्यात गेलं की तुम्ही श्वास धरून ठेवता. दोन-तीन हात मारता, मग मान वर काढता आणि त्या एवढ्याशा वेळात आधीचा श्वास सोडायचा आणि नवा घ्यायचा, अशी दोन्ही कामं उरकायला बघता. सोडणं अर्धवट राहतं आणि घेणंही अर्धवट. भरलेल्या तांब्यात आणखी पाणी ओतता येत नाही. चार-सहा वेळा असं झालं की छाती हवेनं गच्च भरलेली असूनही जीव कासावीस होतो. ही कासाविशी प्राणवायू संपल्याची नसते, बरं का. शरीरात कार्बन डायऑक्साइड साठायला लागला की मेंदू ‘आता श्वास घे’ अशी आरडाओरड करतो. आत ऑक्सिजन शिल्लक असतानाच हा भोंगा वाजतो. जिन्यावर तुम्ही श्वास धरत नाही, म्हणून तिथं तो वाजत नाही.

तुमच्या बाबतीत याच्या मागे आणखीही काही असावं. चुलतभावाचा तो प्रसंग, आईची धास्ती, बोटीतून घराबाहेर पडणं. ज्याच्या मनात पाणी म्हणजे बुडणं असं बसलेलं असतं, तो पाण्यात गेला की न ठरवता श्वास कोंडतो. याला भित्रेपणा म्हणू नका. 21 दिवसांच्या बॅचमध्ये हात कसे मारायचे आणि पाय कसे मारायचे हे शिकवतात. चाळीस जणांच्या गर्दीत श्वासाकडे बघायला कोचला वेळ कुठून मिळणार? तुम्ही पोहायला शिकलात, पाण्यात राहायला शिकायचं राहून गेलं. ते आता शिका. ते फीमध्ये आधीच आलंय.

पुढच्या खेपेला गेलात की लेंथ मारू नका. कमी पाण्यात, छातीएवढ्या पाण्यात, कठड्याला धरून उभे राहा. तोंडानं श्वास घ्या, तोंड पाण्यात घाला आणि तोंड मिटून भ्रामरी करतो तसा हुंकार सुरू करा. हुंकार चालू आहे तोवर नाकातून हवा बाहेर जातच राहते. नाकात पाणी शिरायला जागा राहत नाही आणि श्वास धरणं शक्यच होत नाही. हुंकार संपत आला की तोंड वर काढा, आपोआप जेवढा आत येईल तेवढाच श्वास घ्या आणि पुन्हा खाली. ओढून ताणून मोठा श्वास घ्यायचा नाही. हे दहा मिनिटं करा. शेजारून जाणारी पोरं बघतील, बघू देत. भ्रामरी जमली की मग बुडबुड्यांवर या: डोकं खाली असताना बुडबुडे थांबता कामा नयेत, एवढाच नियम. पोहतानाही हाच एक नियम पाळा आणि बाकी सगळं, कोपर कुठं, बोटं कशी, कोचनं सांगितलेल्या त्या बारा सूचना, काही दिवस विसरून जा.

त्यानंतर डोकं. श्वास घेताना तुम्ही मान समोर वर उचलत असणार. तुमचे वडील आणि त्यांच्या वेळचे सगळे असेच पोहायचे, डोकं पाण्याबाहेर ठेवून, समोर बघत. नदीत ते बरोबरही होतं, कारण समोरून काय वाहत येतंय ते दिसायला हवं. पण तलावात डोकं वर गेलं की कंबर आणि पाय खाली जातात. फुप्फुसं छातीत आहेत, त्यामुळे छाती तरंगते. पाय हाडामांसाचे, जड, विशेषतः पुरुषांचे. डोकं उचललं की हा तराजू पायाच्या बाजूला कलतो आणि तुम्ही आडवे न राहता तिरके होऊन पाणी ढकलत जाता. पाणी हवेपेक्षा सुमारे 800 पट दाट आहे. त्यातून तिरकं जाण्याची किंमत मोजावी लागते. तेव्हा नजर तळाच्या फरशीवर ठेवा. श्वास घ्यायचा तेव्हा मान उचलू नका, सगळं अंगच थोडं कुशीवर वळवा. एक गॉगल पाण्यात आणि एक बाहेर राहिला की समजा जमलं.

पायांबद्दल एकच. ते कमी मारा. मांडीचे स्नायू शरीरातले सगळ्यात मोठे आणि ऑक्सिजन खाण्यात सगळ्यांत पुढे. नवशिका माणूस बुडायच्या भीतीनं पाय जोरजोरात झाडतो, तेही गुडघ्यातून, सायकल मारल्यासारखे, आणि त्यातून पुढे फारसा जातच नाही. लांब पल्ला पोहणारे कितीतरी जण हाताच्या एका आवर्तनाला पायाचे जेमतेम दोन फटके देतात. डोकं खाली राहिलं की पाय आपोआप वर येतात, त्यांना फार काही करावं लागत नाही.

आणि हळू जा. लाजू नका. पाण्याचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट केला तर अडथळा चौपट. उलट बाजूनं वाचा: वेग निम्मा केलात तर अडथळा चौथ्या हिश्श्यावर येतो. तुम्ही व्यापारी आहात, इतका फायद्याचा सौदा यार्डात रोज होत नसेल. शेजारच्या लेनमधली पोरं जाऊन परत येतात, कारण ती आठवीत-नववीत आहेत, सहा वर्षांची असल्यापासून पाण्यात आहेत आणि त्यांना स्पर्धेला जायचंय. तुम्हाला कुठं जायचंय?

तुमच्या पत्रात हा प्रश्न आहे, तुम्हाला तो दिसला नसेल. वडील आयर्विनवरून उड्या टाकायचे, असं तुम्ही लिहिलंय, आणि लगेच पुढे स्वतःच्या धापेबद्दल. सांगलीत पोहता न येणाऱ्या पुरुषाला आयुष्यभर काय ऐकून घ्यावं लागतं, हे मला ठाऊक आहे. मी स्वतः पस्तिशीनंतर शिकले, पण बाई म्हणून मला कुणी टोमणा मारला नाही. आमच्याकडून ती अपेक्षाच नव्हती. घाट पोरांचे होते. तुमच्यावर मात्र ते ओझं आहे, आणि तुम्ही ते रोज तलावावर घेऊन जाताय.

पण वडिलांच्या पिढीचं पोहणं आठवून बघा. त्यात लेंथ नव्हती, लॅप नव्हता, स्टाइल नव्हती. कुणी पाठीला वाळका भोपळा बांधून शिकला, कुणी पत्र्याचा डबा, कुणी पांगाऱ्याचा ओंडका. मळ्यातल्या विहिरीवर मुटके, सूर, शिवाशिवी, तळाची माती मुठीत आणून दाखवायची पैज. ओठ निळे पडेपर्यंत पाण्यात, मग ऊन अंगावर घेत काठावर. व्यायाम करायला म्हणून कुणी गेलं नव्हतं. किती वेळ पोहलो, हे घरचा मार खाल्ल्यावर कळायचं. तुम्हाला वडिलांचं जे हवंहवंसं वाटतं, ते हे आहे की ती उडी? उडी मारणं आता विसरा, पण हे मात्र 47 व्या वर्षीही मिळू शकतं, आणि तलावातच मिळू शकतं.

म्हणून श्वास थोडा जागेवर आला की खेळा. हे मी गंभीरपणे सांगतेय. भिंतीला दोन्ही पाय लावा, हात डोक्यापुढे जुळवा आणि जोरात रेटा देऊन नुसते सरकत जा. हात नाही, पाय नाही. कुठपर्यंत जाता ते बघा. आज ज्या फरशीपर्यंत गेलात, उद्या तिच्या पुढची गाठा. अंग ताठ आणि सरळ ठेवलं की पाणी किती सहज जाऊ देतं, हे दहा लेक्चरांपेक्षा या एका खेळातून लवकर कळतं, आणि माझ्या मते पाण्यातली पहिली खरी मजा हीच. कमी पाण्यात तळाला नाणं टाकून उचलून आणा. आडवी कोलांटी मारा. पाण्यात मांडी घालून बसायचा प्रयत्न करा, वर येता येता हसू येईल. उताणे होऊन कान पाण्यात बुडवा आणि दोन मिनिटं काहीही करू नका. छातीत हवा भरून ठेवली की आपण तरंगतो, यावर विश्वास बसायला पुरुषांना वेळ लागतो, पाय खाली ओढतात. हात डोक्यामागे लांब करा, वजन मागं गेलं की पाय वर येतील. उताणं पोहताना तोंड सदा बाहेर असतं, तेव्हा मधेमधे थकल्यावर भिंतीला लटकण्यापेक्षा असं पाठीवर येऊन हळूहळू पुढे जा. लेंथ मोडत नाही आणि धापही लागत नाही.

खेळातली एक गोष्ट अजिबात नको. पाण्याखाली कोण जास्त वेळ श्वास धरतो, ही पैज. खाली जाण्याआधी जोरजोरात भराभर श्वास घेणं तर मुळीच नको. त्यानं कार्बन डायऑक्साइड आधीच कमी होऊन बसतो, मघाशी सांगितला तो भोंगा वाजत नाही, आणि ऑक्सिजन संपून माणूस पाण्याखालीच बेशुद्ध पडतो. यात चांगले पोहणारेही गेलेत.

घड्याळ पिशवीत ठेवा. मुलीला सांगा, पाणी लागून पट्टा खराब होतो, काहीही सांगा. मोजायचंच असेल तर एक मोजणी मी मान्य करते: एका लेंथला हात किती वेळा मारावे लागले. आज तीस लागत असतील तर श्वास आणि डोकं सुधारलं की ते सव्वीसवर येतील, मग चोवीसवर. हा आकडा कमी व्हावा लागतो आणि तो कमी करायला घाई उपयोगाची नाही, उलट घाई केली की वाढतो. शेजारच्या पोरांशी त्याचा काही संबंध राहत नाही.

आता गुडघ्याबद्दल आणि साखरेबद्दल, कारण शेवटी त्यांनीच तुम्हाला पाण्यात उतरवलं आणि पत्रात तुम्ही ते अर्ध्या ओळीत उरकलंत. गळ्याएवढ्या पाण्यात उभं राहिलं की पायांवर शरीराच्या वजनाचा जेमतेम दहावा हिस्सा येतो, कमरेएवढ्या पाण्यात साधारण निम्मा. दिवसभर पेढीवर उभं राहणाऱ्या माणसाच्या गुडघ्याला ही सुट्टी दुसरीकडे कुठं मिळणार? ज्या दिवशी पोहायचा कंटाळा येईल त्या दिवशी छातीएवढ्या पाण्यात नुसते वीस मिनिटं इकडून तिकडे चालत राहा. तोही व्यायाम आहे, पाणी चांगलंच अडवतं. कोच ब्रेस्टस्ट्रोक शिकवायला लागला तर मात्र गुडघ्याचं आधी सांगा. बेडकासारखा पाय मारताना गुडघ्याच्या आतल्या बाजूवर ताण येतो.

साखरेसाठी गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर पोहायच्या वेळेचं डॉक्टरांना विचारून घ्या. काही औषधांवर असताना उपाशीपोटी पोहलं तर साखर एकदम खाली येऊ शकते. पाण्यात थरथर आणि घाम लवकर ध्यानात येत नाहीत, म्हणून काठावर ग्लुकोज किंवा साखरेचा पुडा ठेवा आणि तिथल्या जीवरक्षकाला सांगून ठेवा. काठावर अनवाणी फिरू नका, घरी गेल्यावर तळपाय बघा, मधुमेहात फरशीचा साधा ओरखडाही चिघळतो. पोहून आलं की भूक खवळते, गार पाण्यानं तर जास्तच. तलावाबाहेर वडापावची गाडी असतेच आणि सांगलीत भडंग तर पावलापावलावर. घरून मूठभर फुटाणे न्या.

मुरलीकांत पेटकरांचं नाव तुम्ही ऐकलं असेल, आपल्याच जिल्ह्यातले, इस्लामपूरच्या भागातले. सैन्यात बॉक्सिंग करायचे. 1965 च्या युद्धात गोळ्या लागल्या, कमरेखालचं अंग लुळं पडलं. पोहणं त्यांच्याकडे आलं ते उपचार म्हणून. 1972 मध्ये जर्मनीत हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी 50 मीटर फ्रीस्टाइल 37.33 सेकंदांत पोहून सुवर्णपदक घेतलं, भारताचं पॅरालिम्पिकमधलं ते पहिलं सुवर्ण. त्यांच्याकडे बघून लाज वाटून घ्या म्हणून हे सांगत नाहीये, तसं सांगणाऱ्यांचा मला राग येतो. सांगतेय ते गुडघ्याचं रडगाणं गात ‘आता या वयात काय’ म्हणणाऱ्यांसाठी. जमिनीवर जे शरीर नाही म्हणतं, ते पाण्यात पुष्कळदा हो म्हणतं.

पावसाळ्याचं तुमचं गणित मात्र उलटं आहे. एप्रिल-मे मध्ये तलावावर जत्रा असते, एका लेनमध्ये दहा-दहा माणसं, कुणाचा पाय कुणाच्या तोंडात. जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की पोरं जातात आणि लेन मोकळ्या होतात. तुमचा हळदीचा सीझनही तोवर उतरलेला असतो. सकाळी सौदे सुरू व्हायच्या आधी तासभर सहज निघेल. भिजायलाच तर चाललाय, पावसाचं काय घेऊन बसलात? फक्त विजा चमकत असतील तेव्हा उघड्या तलावात उतरायचं नाही. थंडीत पहाटे जाऊ नका. पाणी अंगातली ऊब हवेच्या पंचवीसपट वेगानं ओढून घेतं, डिसेंबरात पहाटेचं पाणी तुमची उरलीसुरली हौस फेडेल. तेव्हा दुपारची किंवा संध्याकाळची बॅच बदलून घ्या. तलावात उतरण्याआधी साबण लावून अंघोळ करा आणि इतरांनाही करायला सांगा. डोळे झोंबतात आणि नाकात तो उग्र वास बसतो, तो नुसत्या क्लोरिनचा नसतो. घाम, तेल आणि लोकांनी पाण्यात केलेले इतर उद्योग क्लोरिनशी मिसळले की तो तयार होतो. डोळे न झोंबणं हेही परत जावंसं वाटण्याचं कारण असतं.

रोज जायचा हट्ट नको. आठवड्यातून तीन दिवस ठरवा, आणि स्वतःला एक सूट द्या: पाण्यात उतरून दहा मिनिटं झाली की घरी यायला मोकळे. बहुतेक वेळा तुम्ही येणार नाही, पण दार उघडं आहे हे माहीत असलं की जाणं सोपं होतं. पिशवी आदल्या रात्रीच गाडीच्या डिकीत टाका. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे सोबत. तुमच्या बॅचमध्ये तुमच्यासारखेच एक-दोघं असणारच, पन्नाशीकडे झुकलेले, भिंतीला लटकणारे. त्यांच्याशी बोला. पाण्यात माणूस एकटाच असतो हे खरं, पण तलावावर तो गप्पांसाठीच जातो. आमच्या सकाळच्या बॅचमधल्या अर्ध्याअधिक बाया पाऊण तासातली वीस मिनिटं पोहतात आणि उरलेला वेळ कठड्याला धरून सुनांचा आणि सासवांचा हिशेब लावतात. त्या वर्षानुवर्षं दांडी न मारता येताहेत. मोठ्या जिद्दीनं आलेल्या, गप्प राहून लॅप मोजणाऱ्या मात्र दिवाळीनंतर दिसत नाहीत.

पुराबद्दल बोलायलाच हवं, कारण तुमची सुरुवात तिथून झाली. 2019 ला आयर्विनपाशी पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. 40 फुटांना इशारा आणि 45 ला धोका, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही पाठ असतं. तसल्या पाण्यात तलावात शिकलेलं पोहणं कामाला येत नाही, आणि घाटावर वाढलेल्यांचंही येईलच असं नाही. ओढ, भोवरे, तारा, पाण्याखाली गेलेली कुंपणं. पुढच्या पुरात तुम्हाला वाचवेल ते वेळेत घर सोडणं आणि बोटीत लाइफ जॅकेट घालणं. तुम्ही शिकलात त्याचा उपयोग एवढाच की पाण्यात पडलात तर गांगरणार नाही, उताणे होऊन तरंगत राहाल आणि हाक मारू शकाल. तोही थोडाथोडका नाही. पण तलावात धीट झाल्यावर ‘आता एकदा नदीत’ हा मोह होणार, वडिलांसाठी तर नक्कीच होणार, म्हणून आधीच सांगते. वडिलांच्या वेळची कृष्णा आता नाही. शहराचं सांडपाणी वाहून नेणाऱ्या शेरीनाल्याचं पाणी कुठं मिसळतं ते तुम्हाला माहीत आहे. औदुंबर-भिलवडीपासून हरिपूरपर्यंत मगरी आहेत आणि माणसांवर हल्ले झालेत. वडिलांची आठवण आली तर हरिपूरला जा, कृष्णा-वारणेच्या संगमावर काठावर बसा, घरी या.

राहता राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. बायकोला जरूर आणा, आणि उद्याच चौकशी करा, बायकांच्या बॅचला जागा पटकन भरतात. पण तुम्ही तिला शिकवायला जाऊ नका. नवऱ्यानं गाडी शिकवायला घेतली की काय होतं ते प्रत्येक घराला माहीत आहे, आणि इथं तर नाकातोंडात पाणी जातं. तिला कोचकडे सोपवा. महिला कोच असेल तर उत्तम. कॉश्च्युमची लाज वाटत असेल तर पूर्ण हातापायांचे मिळतात, निम्म्या बायका तेच घालतात. डोक्याला आदल्या दिवशी तेल नको, टोपी घसरते. आणि एक इशारा देऊन ठेवते. बायकांच्या शरीरात चरबीचं प्रमाण थोडं जास्त असतं, त्यामुळे त्यांचे पाय सहज वर येतात. तुम्हाला दोन महिन्यांत न जमलेलं उताणं तरंगणं तिला पहिल्याच आठवड्यात जमण्याची शक्यता बरीच आहे. त्या दिवशी तिला विचारा, कसं केलंस? आणि ती सांगेल तसं करून बघा.